विहिरीच्या कुलपाचा फोटो

३ मार्च २०१९, रविवार

कुसुमने आज ही डायरी हातात ठेवली. खताच्या दुकानातून फुकट आलेली, जानेवारी-फेब्रुवारीची पानं कोरी. "रोज दोन ओळी लिहीत जा. दिवसभरात काय केलं तेवढंच," म्हणाली. कशाला, ते सांगितलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माझे विचार जपून ठेवण्यासारखे आहेत हे तिच्या ध्यानात आलं म्हणायचं. उशिरा का होईना.

देवेश दुपारी नाशिकला परत गेला. येताना स्वतःचा जुना कॉम्प्युटर घेऊन आला होता, तो पुढच्या खोलीत मांडून गेला. स्वतःला नवीन घ्यायचा, जुना आईबापाच्या गळ्यात बांधायचा आणि वर उपकार केल्यासारखं तोंड करायचं. माझ्या आणि कुसुमच्या फोनमध्येही त्याने बराच वेळ बोटं घातली. आता म्हणे फोनवर काढलेला फोटो आपोआप या कॉम्प्युटरवर येतो, आणि तिकडे नाशिकला त्यालाही दिसतो. याला सिंक म्हणतात. तो दोघांची वेगवेगळी खाती काढत होता, मी हात धरला. आमच्या घरात नवराबायकोचं बँकेतलं खातं एक, रेशनकार्ड एक, सातबाऱ्यावर दोघांची नावं. मग फोटोचंच खातं वेगळं कशाला? वेगळी खाती भांडलेली माणसं काढतात. "बाबा, सगळे फोटो मिक्स होतील," म्हणाला. होऊ देत. कुसुमला फोन उचलून "हॅलो, कोण?" म्हणण्यापलीकडे काही येत नाही. ती काय मिक्स करणार?

निघता निघता साहेब मुद्द्यावर आले. सुट्टीत रियाला, त्याच्या लेकीला, आमच्याकडे ठेवायचं आहे. महालक्ष्मीच्या जत्रेला आणून सोडायची ती शाळा उघडेपर्यंत. पाच वर्षांची आहे. गेल्या वर्षी दिवसभर चिकूच्या वाडीत माझं धोतर धरून फिरायची. विहिरीच्या काठाशी नेलं की आत तोंड करून "आबा" ओरडायची, आणि विहिरीने उलट "आबा" म्हटलं की टाळ्या पिटायची. मला या जगात तिच्याइतकं कुणी आवडत नाही. हे लिहायला हरकत नाही, डायरी कुणी वाचणार नाही.

पण अट आहे. विहिरीवर लोखंडी जाळी आहे, तिच्या दाराला मी रोज संध्याकाळी कुलूप लावतो. ते दार जानेवारीत दोनतीनदा उघडं दिसलं म्हणे. कुणाला दिसलं? तर 'म्हणे'. मी म्हटलं, ठीक. रोज कुलूप लावीन आणि कुलपाचा फोटो काढीन. तू तुझ्या सिंकमधून नाशिकला बसून बघ. पाडव्यापर्यंत फोटो येत राहिले तर रिया येणार. ठरलं.

कुलूप लावलं. फोटो काढला. फोटो आलासुद्धा, मान्य करतो.

७ मार्च, गुरुवार

देवेशचा फोन. "बाबा, रविवारनंतर कुलपाचा एकही फोटो आला नाही." मी रोज काढतो आहे, याच्याकडे एक पोचत नाही, आणि आवाज असा की जणू मीच चोर. म्हटलं, तुझ्या भंगारात दोष आहे. इंजिनीअर झालास, बापाच्या घरी एक चालती वस्तू लावता आली नाही.

मग डहाणू स्टेशनला गेलो. तिथे 'डिजिटल दुनिया' नावाचं दुकान आहे. दुनिया एवढी की दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याने गटारावर उभं राहायचं. मालक रूपेश, तिशीचा, एका कानात वायर लोंबकळलेली, दुसरा कान गिऱ्हाइकासाठी. त्याने फोन उलटासुलटा केला आणि निदान केलं की बॅटरी वाचवण्याचं बटण चालू असल्यामुळे फोटो वर चढत नाहीत. चढत नाहीत म्हणजे काय, ते नारळ आहेत? बटण बंद केलं. "आता सगळं येणार, काका. एकदम ओके."

घरी येऊन कुलूप लावलं, फोटो काढला.

११ मार्च, सोमवार

एकदम ओके! फोटो आले, पण कुलपाचा एकही नाही. कुणा भलत्याचेच आले. काय एकेक कलाकृती! तांदळाच्या डब्यात ठेवलेला माझा चष्मा. गॅस पेटलेला, वर भांडंच नाही. वाडीच्या फाटकाचा झापा सताड उघडा. आमच्याच घरातल्या वस्तू, म्हणजे कुणीतरी आमच्या घरात शिरून फोटो काढतंय. तो रूपेशच असणार, फोनमध्ये हात घातला तेव्हाच काहीतरी पेरून ठेवलं त्याने.

चष्म्याचं म्हणाल तर इकडे गेले काही महिने भूकंपाचे धक्के बसतायत, रात्री पुन्हा एक बसला होता. पत्रे वाजले. धक्क्याने फळीवरचा चष्मा डब्यात पडला असणार. डब्याला झाकण होतं असं कुसुम म्हणते. बायकांना झाकणांचं फार.

ते भलते फोटो सगळे पुसून टाकले. हे काम मला येतं, देवेशने दाखवलं होतं.

१४ मार्च, गुरुवार

कुसुमने सकाळी विचारलं, "अहो, कॉम्प्युटरवरचं काही काढलंत का तुम्ही?"

"कचरा काढला."

ती फोन हातात धरून ओट्यापाशी उभी राहिली. मग पदराने डोळे पुसले. कांदा चिरत नव्हती. या वयात बायकांना काय होतं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

दुपारी मला वापीला घेऊन गेली. चष्म्याचा नंबर तपासायचा म्हणाली. वेवजीचा तिचा भाऊ तिथे जातो, म्हणजे डॉक्टर किती हुशार असेल ते कळलंच. हा गृहस्थ डोळ्यांकडे बघेचना. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, शंभरातून सात वजा करा, त्यातून पुन्हा सात. मी म्हटलं, अहो, मी चिकूचे हिशेब करत म्हातारा झालो, मला वजाबाकी शिकवता? मग कागद पुढे केला, घड्याळ काढा. डोळ्यांचा डॉक्टर आणि घड्याळ! काढलं. आकडे सगळे एका बाजूला आले, कागदच लहान दिला होता.

कुसुम त्याला हळूच म्हणाली, "दाखवायला फोटो होते माझ्याकडे. आता नाहीत." कसले फोटो ते मी विचारलं नाही. नंबर काही काढून दिला नाही त्याने. फुकट खेप.

१८ मार्च, सोमवार

देवेशचा पुन्हा तोच पाढा. फोटो नाही, फोटो नाही. शेवटी मी स्वतः डहाणू स्टेशनला गेलो. तिथे एक दुकान सापडलं, 'डिजिटल दुनिया' नावाचं. दुनिया कसली, दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसरं गटारावर. मालक रूपेश नावाचा, एका कानात वायर. मला बघून म्हणतो, "काका, परत?"

म्हटलं, परत काय? मी तुझ्या दुकानात पाय ठेवतोय तो पहिल्यांदा.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग वायर कानातून काढली आणि खुर्ची दिली. धंद्याची रीत बरी आहे, तेवढं मानतो. फोन तपासून म्हणाला, बॅटरीचं बटण बंदच आहे, वायफाय आहे, जागा आहे, खातं चालू आहे, फोनमध्ये काही खराबी दिसत नाही. दिसत नाही म्हणजे तुला दिसत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. "मी वाडीवर येऊन कॉम्प्युटर बघतो, काकूंचा नंबर द्या," म्हणाला. माझ्या फोनच्या दुरुस्तीला काकूंचा नंबर कशाला?

२१ मार्च, धुळवड

वाडीवरचा गडी हाल्या आज रंग खेळून आला तरी कामावर आला, हे विशेष. बेडणीने, जाळीच्या लांब काठीने, चार झाडांचे चिकू उतरवले, त्यातले निम्मे कोवळे. नखाने खरवडून हिरवं दिसलं तर तोडू नये, हे त्याच्या बापाला मी शिकवलं, त्याला शिकवलं, उद्या नातवाला शिकवावं लागेल.

संध्याकाळी विहिरीपाशी भेटला. "शेठ, जा तुमी घरा. कुलूप मी लावतंय."

"का? मला हात नाहीत?"

"हात हायेत. पन कुलूप तुमच्या खिशान हाय."

खिशात होतं खरं. फोटो नीट यावा म्हणून मी ते काढून पुसायला घेतलं असणार. एवढी साधी गोष्ट त्याला सुचली नाही. हाल्या उभाच राहिला. मी कुलूप लावीपर्यंत जागचा हलला नाही. मालकावर पहारा करायची नवी पद्धत निघालेली दिसते.

त्या गडबडीत फोटो राहिला. एक दिवस राहिला तर आकाश कोसळत नाही.

२८ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहितो. राग शांत झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं, पण तो शांत होत नाही.

रूपेश आशागडला वाडीवर आला. कुसुमनेच बोलावलं होतं. कॉम्प्युटरसमोर बसला, चहा प्याला, दोन्ही फोन मागितले. मग म्हणाला, "काका, दोन्ही फोन एकाच खात्यावर आहेत. म्हणून काकूंचे फोटो तुम्हाला दिसतात. आणि तुम्ही इथून पुसले की काकूंच्या फोनमधूनही जातात. नाशिकवरूनही."

"काकूंचे कसले फोटो?"

कुसुम दारात उभी होती. म्हणाली, "मीच काढते. देवेशने शिकवलं."

हिला फोटो काढता येतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या नाकासमोर हिने शिकून घेतलं. म्हटलं, असू दे, कानामागून आली आणि तिखट झाली. पण माझे फोटो कुठे आहेत ते सांग. कुलपाचे. रोजचे.

रूपेशने माझा फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच बघा, काका." पहिल्या दिवशीचा एक होता. त्यानंतर माझा अंगठा, जमीन, पुन्हा अंगठा. कुलूप नाही. "सिंक एकदम ओके आहे," तो म्हणाला, हळू म्हणाला, "पण जो फोटो काढलाच नाही, तो येणार कुठून?"

मी त्याला हाकलून दिला. उंटावरचा शहाणा, गटारावरचा दुकानदार, बरंच बोललो. त्याने उलट शब्द काढला नाही, त्याचा मला जास्त राग आला. जाण्याआधी त्याने एक काम मात्र केलं. पुसलेले फोटो काही दिवस कचऱ्याच्या टोपलीत राहतात म्हणे. ते सगळे परत काढून ठेवले.

तो गेल्यावर मी एकटा बघत बसलो. चष्मा. गॅस. झापा. आणि विहीर. मी पुसले तेव्हा विहिरीचे नव्हते, किंवा मी बघितले नसतील. जाळीचं दार उघडं, पाठीमागे मावळतं ऊन. पुन्हा उघडं, पुन्हा उघडं. प्रत्येकावर तारीख आहे. त्यातल्या एका दिवशी तर या डायरीत मी 'कुलूप लावलं' असं लिहिलंय.

एका फोटोत एक म्हातारा पाठमोरा उभा आहे. हातात कुलूप, समोर उघडी विहीर, आणि तो आत बघतोय. धोतर माझंच. तो तिथे कशाला उभा आहे ते मला फोटोवरून कळलं नाही. आठवूनही कळलं नाही.

३० मार्च, शनिवार

आज सोक्षमोक्ष लावायचा ठरवला. सगळ्यांची तोंडं एकदाच बंद.

विहिरीवर गेलो. जाळीला कुलूप लावलं. ओढून बघितलं. फोटो काढला, अंगठा आड येऊ दिला नाही.

हे एवढं लिहून कुसुमला हाक मारली. म्हटलं, चल, आता तुझ्या डोळ्यांनी बघ आणि त्या नाशिककराला कळव.

ती म्हणाली, "अहो, तुम्ही अजून गेलाच नाही आहात. चहा घेतलात आणि लिहायला बसलात."

"वेड लागलंय का तुला? हे बघ, लिहिलंय."

"चला," म्हणाली. माझ्या दंडाला धरून नेलं. अजून उजेड होता. जाळीचं दार उघडं होतं. वाऱ्याने थोडं हलत होतं, करकर वाजत होतं. माझा फोन घरी टेबलावर होता. कुलूप माझ्या खिशात होतं.

तिने माझ्या हातून कुलूप घेतलं नाही. मी लावेपर्यंत थांबली. परत येताना रस्ताभर मी भूकंपाबद्दल बोलत होतो, मला आठवतंय. धक्क्याने कुलपं निघतात वगैरे. ती "हो" म्हणत होती.

वरच्या ओळी खोडाव्यात असं वाटलं. खोडल्या नाहीत. अक्षर माझंच आहे, वळणदार आहे, आणि खोटं आहे. मला भीती वाटते. आज वाटली.

६ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. साखरेची माळ मी बांधली, कडुलिंब कुसुमने. काठी भक्कम आहे हे तिने दोनदा तपासलं. तपासू दे.

सकाळी रियाचा फोन. शाळेतल्या बाईंनी तिला वर्गाची मॉनिटर केलं. म्हणजे आता हुकूम सोडायला मोकळी. "आबा, जत्रेत मोठ्या पाळण्यात बसायचं. आणि विहिरीला सांग मी येतेय." मी म्हटलं, सांगतो.

मग देवेश फोनवर आला. "बाबा, शेवटी काय करायचं?" त्याला सगळं माहीत आहे, त्याच्या आवाजावरूनच कळतं. फोटो त्यालाही दिसतात. तरी मला विचारतोय. त्यानेच मला वाट करून दिली, म्हणाला, "तिकडे अजून धक्के बसतायत का? तसं असेल तर राहू दे या वर्षी." तलासरीकडे लोक अजून तंबूत झोपतात. मी नुसतं हो म्हटलं असतं तर संपलं होतं. कुणी एक प्रश्न विचारला नसता. जन्मभर मी कुणाला न घाबरलेला माणूस, भूकंपाच्या नावाने सुटलो असतो.

मी म्हटलं, "भूकंपबिकंप काही नाही. सिंक होत नाहीये अजून. ते दुरुस्त होईपर्यंत रियाला पाठवू नकोस."

 तो म्हणाला, "बाबा, सिंक आणि रिया..."

"तुला कळायचं नाही. तू इंजिनीअर आहेस."

फोन ठेवला तेव्हा कुसुम पुरणाचं पान घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पान पाटावर ठेवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. आमच्या घरात असलं काही करायची पद्धत नाही. मी पुरणपोळीला तूप कमी आहे म्हणालो. ती म्हणाली, घाला अजून.

जेवता जेवता तिने ठरवून टाकलं, की जत्रा झाल्यावर आपणच नाशिकला जायचं. तिथे विहीर नाही. नळ आहेत, त्यांना दुपारनंतर पाणी नसतं. म्हटलं, बघू. बघू म्हणजे जाऊ, हे तिला कळतं.

९ एप्रिल, मंगळवार

कुलपाची किल्ली कुसुमला दिली. तिने ती कमरेच्या छल्ल्याला अडकवली, कपाटाच्या आणि तांदळाच्या कोठीच्या किल्ल्यांमध्ये. इतक्या किल्ल्या वाजवत फिरणारी बाई घरात असताना मी एक किल्ली कशासाठी धरून बसलो होतो कोण जाणे. गाढवाचा हट्ट.

संध्याकाळी दोघं विहिरीवर गेलो. हाल्याही आला, आगंतुक. मी दार लावलं, कुसुमने किल्ली फिरवली, मी ओढून बघितलं. "हात तसाच ठेवा," कुसुम म्हणाली आणि तिने फोटो काढला. फोन तिने सरळ धरला होता, दोन्ही हातांनी. म्हणजे मी एवढे दिवस जे सांगत होतो की तिला काही येत नाही, ते कुठल्या बाईबद्दल सांगत होतो?

घरी येईपर्यंत फोटो कॉम्प्युटरवर आला होता. लोखंडी दार, कुलूप, कुलपावर शिरा दिसणारा माझा हात. लगेच फोन वाजला. रिया. तिकडे तिलाही दिसला होता. "आबा, विहीर झोपली का?"

"झोपली," म्हटलं. "कुलूप लावून झोपली."

आशागडहून निघालेला फोटो आम्ही चपला काढेपर्यंत नाशिकला पोचला होता. यंत्रात काही बिघाड नाही.